एसीच्या पाण्यावरची पाथरी

दिलीप,

आम्ही काल दोह्यातच, अल नस्रला राहायला आलो. चौथा मजला, दोन खोल्या, खाली केरळी हॉटेल आणि त्याला लागून न्हाव्याचं दुकान. बाल्कनी म्हणायची तर एका माणसाने अंग चोरून उभं राहावं एवढी. माती कुठेच नाही. ईराने तिच्या खोलीचं दार लावून घेतलंय. तिची बारावी इथूनच होईल, माझी शाळाही इथून जवळ पडते, त्यामुळे मार्चपर्यंत तरी आम्ही इथेच आहोत. हे सगळं तुला कळवायचं म्हणून कळवते आहे.

खरं सांगायचंय ते वेगळंच. तुझी पाथरी उपटणार नाही, असा शब्द मी तुला नाशिकला, दहाव्याच्या दिवशी, सगळ्या भाऊबंदांसमोर दिला होता. त्या शब्दाचं पुढे काय झालं ते सांगायला बसले आहे. लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं लिहितायत. मंडळाच्या ग्रुपवर अजून हात जोडलेले येतात, आणि जो तो तुला 'मनमिळाऊ' म्हणतो. तू मनमिळाऊ कधी होतास? तू हट्टी होतास. एका पालेभाजीवरून तू माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलास आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून गेलास.

मी कशी आहे, असं सगळे विचारतात. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो ना, तशी आहे. जेवते, झोपते, शाळेत नववीच्या मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवते. परवा स्टाफरूममध्ये कोणीतरी विनोद केला तर सगळ्यांच्या आधी मीच हसले. मग बाकीच्या शिक्षिका माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्यांचीच दया आली.

अल दुहैलच्या त्या घरात आपण राहायला गेलो तेव्हा मागच्या अंगणात नुसती वाळू होती. तू हसून म्हणालास, "गवत लावणाऱ्याच्या घरी गवत नाही, शोभतं का?" आणि महिनाभरात हिरवळ करून दिलीस. ती मला आवडली होती. शेतकीची पदवी घेऊन गवताचा इंजिनिअर झालेला माणूस, वर्ल्ड कपच्या संघांना सराव करायला मैदानं करत होता. दिवसभर तिथे ओणवं होऊन तण शोधायचं, एक पान जरी वेगळं दिसलं तरी मुळासकट काढायचं. संध्याकाळी घरी आलास की पँटचे गुडघे हिरवे असायचे. ते डाग कशानेही जात नाहीत हे मी रसायनशास्त्राची बाई असून सांगते.

आणि मग एका हिवाळ्यात, मागच्या भिंतीशी, जिथे एसीचं पाणी नळीतून ठिबकतं, तिथे पाथरी आली. मला ते तण वाटलं. जमिनीला चिकटून पसरलेली पानं, कडांना करवतीसारखे दाते, तोडलं की पांढरा चीक आणि तो बोटांना लागला की तपकिरी डाग. मी खुरपं घेऊन बसले होते. तू ऑफिसची बॅग हातात घेऊन तसाच धावत आलास.

"अगं, थांब! पाथरी आहे ती!"

"म्हणजे तणच ना?"

"तण कसलं? भाजी आहे. आमच्याकडे हरभऱ्याच्या वावरात यायची. आई ओटीत भरून आणायची."

"मग हरभऱ्याच्या वावरात असू दे. हे माझं अंगण आहे."

तेव्हा तू तो सिद्धांत मांडलास. जे आपण लावलं ते आपण काढू शकतो, पण जे आपणहून आलंय त्याला हाकलायचं नाही. बी कुठून तरी वाऱ्यावर आलं, या वाळवंटात त्याला एवढं एक ओलं ठिकाण सापडलं, तेही आपण फेकून दिलेल्या पाण्याचं. त्याला कसं उपटायचं? पुढे म्हणालास, "आपल्याला तरी इथे कोणी बोलावलं होतं?"

मी म्हटलं, "आपल्याला कंपनीने बोलावलं. व्हिसा दिला. तुझ्या पाथरीचा व्हिसा दाखव."

तू हसलास, पण खुरपं माझ्या हातातून काढून घेतलंस. त्या दिवसापासून ती वीतभर रुंदीची पट्टी तुझी झाली. मी तिला माझी सवत म्हणायचे. उन्हाळ्यात माझी सगळी फुलं करपून जायची आणि ही बया एसीच्या पाण्यावर टवटवीत. जितका उन्हाळा कडक तितका एसी जास्त चालणार, तितकं हिला पाणी जास्त. तू रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसायचास. मी आतून ओरडायचे, "अरे, चार माणसं बघतायत, साहेब आहेस ना तू?" चारचौघांत मी तुला अहो म्हणायचे आणि दार लागलं की अरे. मागचं अंगण यातलं नेमकं कशात धरायचं ते मला कधी ठरवता आलं नाही.

तिचे गुण तू मला किती वेळा ऐकवलेस! पित्तावर चांगली, यकृताला चांगली, गाईला घातली तर दूध वाढतं, बाळंतिणीला घातली तर तिचंही. मी म्हणायचे, पुरावा काय? तू म्हणायचास, आमची आई. मी म्हणायचे, तुझी आई हा पुरावा नाही. मग तू दोन पानं तोडायचास, झटकायचास, मिठाला लावून भाकरीबरोबर माझ्यासमोर मुद्दाम कचाकचा चावायचास. "पहिल्यांदा कडू लागते. नंतर मागाहून गोडवा येतो. एकदा खाऊन तरी बघ."

"एसीचं पाणी प्यालेली भाजी मी खाणार नाही. आणि कडू म्हणजे औषधी हे कोणी ठरवलं? कडू म्हणजे कडू."

"तू न खाताच बोलतेस."

"मी विषसुद्धा न खाताच ओळखते."

हे आपलं ठरलेलं होतं. पाहुण्यांसमोरसुद्धा व्हायचं. ईरा डोळे फिरवायची आणि म्हणायची, "नॉट द लीफ थिंग अगेन."

मग मार्गारेट आठवते का? दोन घरं सोडून राहणारी, इंग्लंडची निवृत्त शिक्षिका. ती एकदा मांजर शोधत मागे आली आणि पाथरीला आलेली पिवळी फुलं बघून टाळ्याच वाजवायला लागली. "डॅन्डेलायन्स! इन द डेझर्ट!" तू तिला समजावत बसलास की हे अगदी तेच नव्हे, डॅन्डेलायनची चुलत बहीण म्हण हवं तर. पान तसंच, चीक तसाच, फूल तसंच, म्हातारी होऊन उडणारं बीही तसंच. ती म्हणाली, आमच्याकडे लोक हिरवळीतून हे काढायला औषधं मारतात आणि माझी आजी याच्या मुळांची कॉफी करायची. बस्स. तुला बहिणीसारखं माणूस भेटलं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही दोघांनी मिळून थोडी मुळं खणली, धुतली, माझ्या तव्यावर भाजायला घेतली. एवढा धूर झाला की छतावरचा अलार्म कोकलायला लागला, कंपाउंडचा सुरक्षारक्षक पळत आला. कॉफी गाळल्यावर तुम्ही दोघं गंभीर चेहऱ्याने पीत बसलात. मी मार्गारेटला विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, "व्हेरी... अर्थी." तू म्हणालास, "मातीच लागतेय." आणि दोघंही हसत सुटलात. त्या तव्याची पोळी नंतर कित्येक दिवस काळपट येत होती. मी तेव्हा तुझ्यावर खूप चिडले होते. आता त्या चिडण्याकडे बघते तेव्हा वाटतं, केवढी श्रीमंत होते मी.

त्या वर्षी तू मुळं खणायला तयार झालास कसा, हे मात्र मी विचारलं होतं. आपणहून आलेल्याला हाकलायचं नाही म्हणणारा माणूस! तू म्हणालास, "खाण्यासाठी काढणं आणि हाकलणं यात फरक आहे." तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं.

बागेच्या स्पर्धेचंही तेच. वर्ल्ड कप जवळ यायला लागला तसं कंपाउंडलाही नटायचं वेड लागलं. व्यवस्थापनाने सगळ्या घरांच्या बागांची स्पर्धा ठेवली. मी पेटुनियाची रोपं आणली, रंग जुळवून वाफे केले, हिरवळ कापून घेतली. मला पहिला नंबर हवा होता, हे कबूल करायला मला लाज नाही. परीक्षक पुढची बाग बघून खूश झाले आणि मागे येऊन तुझ्या पट्टीसमोर थबकले. हे काय? मी काही बोलायच्या आत तू पुढे झालास आणि साहेबी इंग्रजीत सांगितलंस, "सर, नॅचरल व्हेजिटेशन. सेल्फ-सोन." आपोआप आलेली नैसर्गिक वनस्पती! परीक्षकाने मान डोलावली आणि आपल्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तू बक्षिसाच्या कुंडीत मोगरा लावून आणून ठेवलास, म्हणून बोलले.

फुटबॉलमधलं तुला काही कळायचं नाही. तू क्रिकेटचा माणूस. पण घरी टीव्हीवर सामना लागला की तू ईराला सांगायचास, "त्या बॉलकडे बघू नकोस, त्याच्या पायाखाली बघ. कोपऱ्यात पिवळं पडलंय, दिसतंय का?" या नोव्हेंबरची तू तशीच वाट बघत होतास. कोण जिंकतंय याच्याशी तुला घेणंदेणं नव्हतं. तुझ्या मैदानावर सराव करणारे टीव्हीवर दिसतील आणि आपलं गवत जगभर दिसेल, एवढंच. पुढचं सगळं 'वर्ल्ड कप झाला की' असायचं. वर्ल्ड कप झाला की दाताचं बघू. वर्ल्ड कप झाला की सिन्नरचं घर रंगवू. वर्ल्ड कप झाला की दोघंच कुठेतरी जाऊ. मी म्हणायचे, तो झाला नाही तर? तू म्हणायचास, "इन्शाल्ला, होणार की. एवढे रस्ते खोदलेत ते काय उगाच?"

त्या सकाळी तू नेहमीसारखा उजाडायच्या आत गेलास. तुझ्याबरोबर मैदानावर काम करणाऱ्या जोसेफने नंतर सांगितलं की तू मैदानाच्या मधोमध उकिडवा बसला होतास, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. तू तसाच बसायचास. मग तू कुशीवर कललास. जोसेफचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "त्यांचा डबा गाडीत आहे का?" तो रडत होता आणि मी डब्याचं विचारत होते. भेंडी होती, उन्हात खराब होईल असं मनात आलं. त्यापुढचं सगळं दुसऱ्या माणसांनी केलं. मी सही करा म्हटलं तिथे सही केली, बसा म्हटलं तिथे बसले. विमानात ईरा खिडकीशी होती. तू त्याच विमानात होतास, आमच्या पायाखाली कुठेतरी.

आता दहाव्याचं.

सुरेशभावोजींनी सगळं केलं. गोदावरीच्या काठी पिंड मांडला आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे भरपूर होते. पायऱ्यांवर, तारेवर, समोरच्या छपरावर. आमच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी दहावा होता. त्यांच्या पिंडाला ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला आणि ते मोकळे झाले. आपल्या पिंडाकडे एक कावळा चालत आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत गेला. मला तो अगदी तुझ्यासारखा वाटला. नको म्हणजे नको.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असंल त्यांची. बोला मोठ्यानं."

भावोजी हात जोडून पुढे झाले. "दादा, ईराच्या शिक्षणाची काळजी करू नको. आम्ही हाये." कावळा आला नाही. "दादा, तुझ्या वाटणीचं वावर तसंच ठेवीन. कुणाला हात लावू देणार नाय." तरी नाही. नणंदबाई रडत म्हणाल्या, "दादा, वहिनीला एकटं पडू देणार नाही रे." कुणी म्हणालं, तुझं घर रंगवू. कुणी म्हणालं, तुझ्या वर्ल्ड कपचे सामने आम्ही सगळे बसून बघू. कावळे तारेवर बसून ऐकत होते. उन्हं चढत होती. मग भावोजी माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका तुझ्यासारखा आहे की मी खाली बघितलं.

"वहिनी, तुम्ही बोला. दादाचा जीव तुमच्यात अडकलाय."

माझ्या मनात काहीच नव्हतं. अगदी काहीच. आणि तोंडातून मोठ्याने आलं, "तुमची पाथरी उपटणार नाही."

गुरुजींनी विचारलं, "कुठली पाथरी? गावाचं नाव का?" ईरा माझा हात धरून उभी होती, तिने तो घट्ट दाबला. मला वाटलं तिला माझी लाज वाटली. मी तारेकडे बघत राहिले. खरं सांगू? त्या क्षणी माझी खात्री होती की आता येईल. अंधश्रद्धा म्हणून मी आयुष्यभर ज्याला हसले, त्याच्यावर माझा त्या वेळी पूर्ण विश्वास होता.

नाही आला. गुरुजींनी घड्याळात बघितलं, दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला आणि म्हणाले, "झालं." भावोजी हमसून हमसून रडले. मी पायात चपला सरकवल्या. पाथरीही नव्हती तर मग तुला हवं तरी काय होतं, एवढाच राग मला आला होता आणि तोही फार वेळ टिकला नाही. पण शब्द तर देऊन बसले होते. कावळ्याने घेतला नाही म्हणून दिलेला शब्द परत घेता येतो का, हे कुणाला विचारणार?

दोह्याला परत आले तर सगळीकडे झेंडे. रस्ते एकदम संपलेले, म्हणजे काम संपलेले. जिथे तू रोज शिव्या देत गाडी वळवायचास तिथे आता गुळगुळीत डांबर आणि खजुरीची झाडं. कंपनीने घर रिकामं करण्याबद्दल कळवलं. नीट, आदराने कळवलं, त्यांना नावं ठेवणार नाही. वर्ल्ड कपसाठी पाहुणे येणार होते, घरं कमी होती. मी हो म्हटलं. सामान बांधायला लागले. तुझे शर्ट एका खोक्यात, बूट दुसऱ्यात. हात चालत होते. मागच्या अंगणात मात्र गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एसीच्या नळीचं ठिबकणं ऐकू यायचं.

बुधवारी कमल आला. कंपाउंडची देखभाल बघणारा नेपाळी कमल, तुझा चहा-दोस्त. घर परत घेण्याआधी तो सगळं तपासून जातो. नळ बघितले, दिवे लावून बघितले, मग मागचं दार उघडलं. मी मागोमाग गेले. पाथरी गुडघ्याएवढी वर आली होती, पिवळी फुलं, काहींची म्हातारी झालेली.

कमलने टोपी काढली. "मॅडम, ये तो निकालना पडेगा. नया गेस्ट आयेगा."

"नहीं निकाल सकती."

"आप मत करो. मैं दवाई मार दूंगा. दो दिन में खलास."

"कमल, मैंने साब को वचन दिया है."

त्याने खाली बघितलं. माणूस चांगला आहे, हुज्जत घालणारा नाही. तो म्हणाला, मग त्याला वर विचारावं लागेल. मी म्हटलं, विचार. आत्ता विचार. माझा आवाज चढला होता. कशासाठी भांडते आहे, कोणासाठी, मला कळत नव्हतं. मी दारात आडवी उभी होते, जणू कमल माझ्या घरातलं माणूस उचलायला आला होता.

तेवढ्यात ईरा मागून म्हणाली, "आई, लेट हिम. इट्स ओके."

"ओके काय? तुझ्या पप्पांना शब्द दिलाय मी. आपणहून आलेल्याला..."

"आई." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ती आपणहून नाही आली."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

"पप्पा प्लँटेड इट. मी अँड पप्पा." मग ती मराठीत बोलायला लागली, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, जी ती फक्त तुझ्याशी बोलायची. "साइटवर पाथरी यायची. पप्पांना ती काढून टाकावी लागायची. मग ते त्याचं बी टिश्यूमध्ये घेऊन यायचे, खिशात. आम्ही दोघांनी इकडे टाकलं. मी सहावीत होते. दरवर्षी टाकायचो. तू शाळेत गेलीस की."

"मला का नाही सांगितलं?"

"ही सेड, आईला कळलं की मी लावली, तर ती म्हणेल काढ. आपोआप आली म्हटलं तर कोणाला रागावणार?" आणि मग रडत आणि हसत, दोन्ही एकदम, "ही वॉज सो प्राउड ऑफ दॅट. ते म्हणायचे, युअर मदर इज अ सायंटिस्ट, शी विल नेव्हर चेक."

दिलीप! मी त्या पायरीवर बसले. एवढी वर्षं! तो सगळा सिद्धांत. वाऱ्यावर आलेलं बी, वाळवंटात सापडलेलं एक ओलं ठिकाण, आपल्याला तरी कोणी बोलावलं होतं. परीक्षकासमोर ते 'सेल्फ-सोन'. लबाड माणसा! माझा पहिला नंबर घालवलास त्या वाक्यावर. आणि मी तेच वाक्य धरून सगळ्या गोतावळ्यासमोर तुला शब्द दिला. कावळा येईल कशाला? त्याला खरं काय ते ठाऊक असणार.

मी हसायला लागले. कमल घाबरला. ईराही हसायला लागली, आणि मी तिला विचारलं, "आणि तू एवढी वर्षं माझ्यापासून लपवलंस?" ती म्हणाली, "आय प्रॉमिस्ड हिम." म्हणजे नदीवर तिने हात दाबला तो लाजेने नव्हे. दोघींनी एकाच माणसाला शब्द दिले होते आणि एकीने पाळला की दुसरीचा मोडणार होता. तिने आपला मोडला, माझी सुटका व्हावी म्हणून. सतरा वर्षांची मुलगी. तिला हे कोणी शिकवलं, तूच ना?

कमलला मी सांगितलं, औषध मारू नकोस, आम्हीच काढतो. त्यात शब्द मोडत नव्हता. जे आपण लावलं ते आपण काढू शकतो, हे तूच सांगितलं होतंस. मी खुरपं घेतलं, ईरा हातांनीच उपटायला लागली. मुळं किती खोल गेली होती! काही अर्ध्यात तुटली, ती राहू दिली. आमची बोटं चिकाने चिकट झाली आणि तपकिरी पडली. म्हातारीचं बी उडत होतं, ईराच्या केसांत अडकत होतं. कमलने न सांगता पोतं आणून दिलं आणि जाताना एक जुडी मागून घेतली. त्यांच्या डोंगरातही अशीच एक भाजी असते म्हणाला.

कोवळी पानं आम्ही आत आणली. भाजी करावी तर मसाल्याचा डबा खोक्यात, कढया खोक्यात, लसूण संपलेला. ओट्यावर मिठाची वाटी तेवढी राहिली होती. ईराने पानं नळाखाली धुतली, झटकली, अगदी तुझ्यासारखी, मनगटाला हिसका देऊन. एक पान मिठाला लावून तोंडात टाकलं. तिने नक्की किती वेळा खाल्ली असेल तुझ्याबरोबर, हे मी विचारलं नाही.

मग मी एक पान घेतलं. मधलं, कोवळं. मिठाला लावलं आणि चावलं.

कडू आहे, दिलीप. मी म्हणत होते तशीच. मी पाणी प्यायले नाही. मागाहून गोडवा येतो म्हणायचास ना, म्हणून ओट्याला टेकून उभी राहिले आणि वाट बघितली. ईरा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दुसरं पान खाल्लं, न जाणो पहिलं जून असेल. पुन्हा थांबले. कसला गोडवा नि कसलं काय. नुसतं कडू, जिभेच्या मुळापर्यंत. म्हणजे एवढी वर्षं मीच बरोबर होते, एकही पान न खाता. मला विलक्षण आनंद झाला. भांडण मी जिंकले होते. हे तुला सांगायला म्हणून मी मागच्या दाराकडे वळले.

"अरे, ऐक," म्हणाले.

आणि तू नाहीस हे मला तेव्हा कळलं. तोवर ते नुसतं माहीत होतं.